गर्बर पाठवली की दर वेळी काहीतरी अडतं: सर्किट बोर्डाच्या फाइलींतली नावं आणि विशेष चिन्हं

बोर्ड संगणकावर ठीक असतो. डीआरसीत, म्हणजे डिझाइनच्या नियमांच्या तपासणीत, एकही चूक नाही, थ्रीडी चित्रात सगळं जागच्या जागी. बोर्डाचा प्रत्येक थर सांगणाऱ्या गर्बर फाइलींची झिप पुण्याच्या किंवा एखाद्या ऑनलाइन फॅब्रिकेटरकडे, म्हणजे बोर्ड बनवणाऱ्याकडे, जाते आणि निरोप येतो: खालचा सोल्डर मास्क (तांब्यावरचा संरक्षक लेप) मिळाला नाही. किंवा छिद्रांची ड्रिल फाइल उघडत नाही. कधी निरोप येतच नाही, थेट बोर्ड येतो आणि प्रोसेसरची रीसेट पिन कुठेच जोडलेली नसते. फाइल नव्याने काढून पाठवली की काम होतं, म्हणून कुणी खोलात जात नाही. पुढच्या बोर्डाला पुन्हा तेच.

सोलापुरात यंत्रमागाचे पिक काउंटर, बोअरच्या मोटरचे ड्राय-रन संरक्षक, वजनकाट्याचे डिस्प्ले अशी कामं करणाऱ्यांना आणि इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना हा त्रास वरचेवर होतो. तक्रार दर वेळी वेगळी दिसते, पण बहुतेक वेळा मुळाशी नावं असतात: फाइलची, फोल्डरची, नेटची (म्हणजे भागांच्या पिना जोडणाऱ्या जोडणीची), भागाची. स्किमॅटिकमध्ये, म्हणजे सर्किटच्या आकृतीत, तुम्ही लिहिलेलं एक नाव नेटलिस्ट (जोडण्यांची यादी), बोर्ड, गर्बर, झिप, ब्राउझर, फॅब्रिकेटरचं कॅम सॉफ्टवेअर (आलेल्या फाइली उत्पादनासाठी तयार करणारं) आणि शेवटी एक्सेल एवढ्यांच्या हातून जातं. यातल्या प्रत्येकाने काही चिन्हं स्वतःच्या कामासाठी राखून ठेवली आहेत. तुमच्या नावात त्यातलं एखादं आलं की तो प्रोग्रॅम त्याचा आपल्या पद्धतीने अर्थ लावतो, आणि बऱ्याचदा कसलीही सूचना न देता. म्हणून दुरुस्ती उगमापाशी करायची. झिपमधल्या फाइलला शेवटच्या क्षणी नवं नाव दिल्याने आजचं काम भागतं, दोष तसाच राहतो.

या लेखात फाइलनावं, नेटनावं आणि एक्सटेन्शन वाचायच्या सोयीसाठी देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्षात ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची. मेनूंची नावं कीकॅड या बोर्ड-डिझाइनच्या सॉफ्टवेअरची आहेत, कारण आपल्याकडे बहुतेकांच्या हातात तेच आहे.

आधी बिघाड कुठल्या टप्प्यावर आहे ते ठरवा

जी झिप फॅब्रिकेटरला पाठवली तीच घ्या, तुमच्या प्रोजेक्टचा फोल्डर नको. शक्य असेल तर दुसऱ्या संगणकावर डी ड्राइव्हच्या मुळाशी एक छोट्या नावाचा फोल्डर करून तिथे ती उघडा आणि आतल्या सगळ्या फाइली गर्बव्ह्यूमध्ये (कीकॅडबरोबर येणाऱ्या, गर्बर बघायच्या प्रोग्रॅममध्ये) एकत्र लावा.

झिप उघडतानाच अडली, तर दोष फाइलच्या किंवा फोल्डरच्या नावात आहे. उघडली पण एखादा थर दिसत नाही किंवा दोन थर एकाच नावाचे वाटतात, तर एक्सटेन्शन आणि थरांची नावं बघा. सगळे थर नीट आहेत पण तयार बोर्ड विजेच्या दृष्टीने चुकलेला आहे, तर नेटची नावं. बोर्ड बरोबर आणि त्यावर बसलेले भाग चुकीचे, तर बीओएम, म्हणजे भागांची यादी. पुढचा मजकूर याच क्रमाने आहे, त्यामुळे आपल्याला लागू असलेल्या भागावर थेट गेलात तरी चालेल.

फाइल आणि फोल्डरच्या नावातली मराठी अक्षरं

मराठीत नाव देण्यात गैर काही नाही, आणि आजचं कीकॅड मराठी नावाचा प्रोजेक्ट उघडतंही. अडचण साखळीतल्या जुन्या कड्यांची आहे. झिपचा मूळ आराखडा इंग्रजी संगणकाच्या जुन्या अक्षरसंचावर बेतलेला आहे. नाव युनिकोडमध्ये आहे हे सांगायला त्यात नंतर एक वेगळी खूण आली, आणि सगळे प्रोग्रॅम ती लावतातच किंवा वाचतातच असं नाही. मग 'यंत्रमाग' हे नाव पलीकडे चौकटी आणि प्रश्नचिन्हांच्या रूपात पोचतं. जुन्या विंडोजमध्ये तर उजवं बटण दाबून झिप करायला गेलं की अशा नावाची फाइल झिपमध्ये घेताच येत नाही असं थेट सांगितलं जायचं.

लांबीचाही प्रश्न आहे. यूटीएफ-8 या युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक घटक 3 बाइट घेतो. 'यंत्रमाग' डोळ्याला चार अक्षरांचं दिसतं, पण अनुस्वार, हलन्त आणि काना धरून त्यात 8 घटक आहेत, म्हणजे 24 बाइट. लिनक्सवर फाइलच्या नावाला 255 बाइटची मर्यादा असते, म्हणजे देवनागरीचे 85 घटक. 'सोलापूर चादर यंत्रमाग पिक काउंटर अंतिम दुरुस्त' अशी नावं तिथे फार लवकर पोचतात. विंडोजवर वेगळी मर्यादा आड येते: ड्राइव्हच्या अक्षरापासून एक्सटेन्शनपर्यंत पूर्ण मार्ग साधारण 260 अक्षरांत बसावा लागतो. डेस्कटॉप वनड्राइव्हमध्ये, त्यात कॉलेजचा फोल्डर, त्यात वर्ष, त्यात गट, त्यात झिप उघडल्यावर तयार झालेला त्याच नावाचा दुहेरी फोल्डर, असं झालं की ही मर्यादाही ओलांडली जाते.

सगळ्यात फसवा प्रकार मात्र दिसायला अगदी सारख्या नावांचा. समजा धाग्यावरचा ताण मोजणाऱ्या बोर्डाचा फोल्डर आहे 'दोऱ्याचा_ताण'. यातला 'ऱ्या' वेगवेगळ्या कीबोर्डवर वेगळ्या पद्धतीने तयार होतो. एका पद्धतीत 'ऱ' हा स्वतंत्र घटक, मग हलन्त, मग 'य'. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त, न दिसणारा जोडक आणि मग 'य'. तिसऱ्यात 'र' आणि त्याखाली नुक्ता. पडद्यावर तिन्ही सारखे दिसतात. पण 'दोऱ्याचा' हा शब्द पहिल्या पद्धतीत 24 बाइटचा होतो आणि बाकी दोन्हींत 27 बाइटचा. संगणकाच्या लेखी ही तीन वेगळी नावं आहेत. फोनवरून एकाने फोल्डर केला, लॅपटॉपवर दुसऱ्याने तेच नाव टाइप करून लायब्ररीचा मार्ग दिला, आणि फूटप्रिंट (भागांच्या पायांचे बोर्डावरचे ठसे) सापडत नाहीत. अशा वेळी माणूस तासभर स्पेलिंग तपासत बसतो आणि स्पेलिंग तर बरोबरच असतं.

मराठी आकड्यांचंही तसंच. 'आर०२' आणि 'आर02' या दोन वेगळ्या आवृत्त्या ठरतात आणि फाइलींच्या यादीत एकमेकींपासून लांब पडतात. नावं तपासायला पायथनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिली असेल तर लक्षात घ्या की तिथली 'इझडिजिट' ही तपासणी मराठी आकड्यांनाही आकडाच मानते. नाव फक्त साध्या अक्षरांत आहे ना हे बघायला 'इझआस्की' वापरा. ती पायथन 3.7 पासून आहे.

आपल्या शहरात एकाच वर्कशॉपमध्ये मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू लिहिणारी माणसं असतात. नियम सगळ्या लिप्यांना एकच: भाषा आपलीच, पण लिपी इंग्रजी. 'चादर', 'माग', 'बाणा' हे शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिले की सगळ्यांना वाचता येतात आणि मशीनलाही. प्रोजेक्टचं खरं मराठी नाव स्किमॅटिकच्या टायटल ब्लॉकमध्ये मानाने लिहा. तिथे ते नुसता मजकूर असतं, कुठल्याही प्रोग्रॅमला त्याचा मार्ग म्हणून उपयोग करायचा नसतो.

एक जागा सहज सुटते: विंडोजच्या खात्याचं नाव. खातं मराठीत असेल तर 'यूजर्स'खालचा फोल्डर आणि तात्पुरत्या फाइलींचा मार्गही मराठीत होतो. प्रोजेक्टचं नाव शुद्ध इंग्रजी अक्षरांत असूनही एखादं जुनं राउटिंगचं किंवा रूपांतराचं साधन उघडताच बंद पडत असेल तर हे तपासा. खात्याचं दिसणारं नाव बदलून तो फोल्डर बदलत नाही. साध्या नावाचं नवं खातं काढणं हाच खात्रीचा उपाय.

आणि बोर्डावर मराठी छापायचं असेल तर बिनधास्त छापा. गर्बरमध्ये छपाईचा मजकूर अक्षरं म्हणून जात नाही, रेषा आणि आकार म्हणून जातो, त्यामुळे अक्षरसंचाचा प्रश्नच येत नाही. कीकॅड 7 पासून संगणकावरचे फॉन्ट वापरता येतात. देवनागरी फॉन्ट निवडा, जोडाक्षरं असतील तर उंची 2 मिलिमीटरच्या खाली नेऊ नका, आणि गर्बव्ह्यूमध्ये मात्रा-वेलांट्या बुजल्या नाहीत ना ते मोठं करून बघा.

विंडोजने राखून ठेवलेली चिन्हं आणि नावं

फाइलच्या नावात < > : " / \ | ? * ही नऊ चिन्हं विंडोज घेत नाही. लिनक्स यातली बहुतेक घेतो. म्हणून कॉलेजच्या उबुंटू लॅबमध्ये केलेला प्रोजेक्ट घरच्या विंडोजवर अर्धाच उतरतो. नावाच्या शेवटी टिंब किंवा मोकळी जागा असेल तर विंडोज ती गुपचूप काढून टाकतो.

कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे काही पूर्ण नावंच राखीव आहेत: सीओएन, पीआरएन, एयूएक्स, एनयूएल, सीओएम1 ते सीओएम9 आणि एलपीटी1 ते एलपीटी9. एक्सटेन्शन लावलं तरी विंडोजच्या बऱ्याच आवृत्त्यांत ती चालत नाहीत. बोर्डाच्या कामात ही नावं अगदी सहज सुचतात. कनेक्टरसाठी 'कॉन', ऑक्झिलरी पुरवठ्याच्या शीटसाठी 'ऑक्स', सिरियल पोर्टसाठी 'कॉम1'. कीकॅडमध्ये लायब्ररी म्हणजे 'प्रिटी' एक्सटेन्शनचा फोल्डर, आणि प्रत्येक फूटप्रिंट ही त्यातली वेगळी फाइल. म्हणजे फूटप्रिंटचं नाव हेच फाइलचं नाव. लिनक्सवर 'कॉन' नावाचा फूटप्रिंट केला, गिटमध्ये (आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) टाकला, आणि विंडोजवर ती रेपॉझिटरी नीट उतरेना, तर कारण हे असतं. 'कॉन_2पिन_5एमएम' असं पुढे काही जोडलं की प्रश्न मिटतो.

कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांचा घोळ याच जातीचा. विंडोजला 'पॉवर' कॅपिटलमध्ये आणि स्मॉलमध्ये एकच फाइल वाटते, लिनक्सला दोन. मुख्य स्किमॅटिकमध्ये उपशीटचं फाइलनाव जसं लिहिलंय तसंच ते डिस्कवर नसेल, तर विंडोजवर चालणारा प्रोजेक्ट लॅबमध्ये शीट सापडत नाही म्हणतो. फाइलनावं सगळी स्मॉलमध्ये ठेवा.

मोकळी जागा, कंस, & आणि # ही चिन्हं विंडोज घेतं, पण ती पुढे जाऊन त्रास देतात. वेबपत्त्यात # नंतरचा भाग तोडला जातो, % नंतरची दोन अक्षरं सांकेतिक मानली जातात, + ची कधी कधी मोकळी जागा होते. एकच झिप दोनदा डाउनलोड केली की ब्राउझर नावाला कंसात 1 जोडतो. मग फॅब्रिकेटरला नवी फाइल गेली की जुनीच गेली हे नक्की सांगता येत नाही.

थर हरवतो तेव्हा

इथे फार खोल काही नाही, पण तपासणी मात्र प्रत्येक वेळी करायची. दोन थरांच्या साध्या बोर्डाच्या झिपमध्ये किमान 7 गर्बर हव्यात: वरचं आणि खालचं तांबं, दोन मास्क, दोन छपाया आणि बोर्डाची कड. त्याशिवाय 1 किंवा 2 ड्रिल फाइली. तांब्याचा मुलामा असलेली आणि नसलेली छिद्रं एकत्र काढली तर एक, वेगळी काढली तर दोन. एसएमडी, म्हणजे बोर्डाच्या पृष्ठभागावर बसणाऱ्या, भागांसाठी सोल्डर पेस्ट लावायची स्टेन्सिल हवी असेल तर पेस्टच्या आणखी एक-दोन.

कीकॅड सगळ्या थरांना 'जीबीआर' हे एकच एक्सटेन्शन देतं आणि थर कोणता ते फाइलच्या नावात आणि आतल्या एक्स2 माहितीत (गर्बरमध्ये नंतर आलेल्या वाढीव नोंदींत) लिहितं. पलीकडचं सॉफ्टवेअर ती माहिती वाचत नसेल तर प्लॉटच्या खिडकीत 'यूज प्रोटेल फाइलनेम एक्सटेन्शन्स' वर खूण करा. मग वरचं तांबं जीटीएल, खालचं जीबीएल, मास्क जीटीएस आणि जीबीएस, छपाई जीटीओ आणि जीबीओ, पेस्ट जीटीपी आणि जीबीपी, आणि कड जीएम1 अशी वेगळी होते. अल्टियम या दुसऱ्या डिझाइन सॉफ्टवेअरमधून आलेल्या फाइलींत कड बऱ्याचदा जीकेओ असते.

थरांना बोर्ड सेटअपमध्ये स्वतःची नावं दिली असतील तर तीच गर्बरच्या नावात शिरतात. 'खालचा थर' असं मराठी नाव दिलं की वरचा सगळा प्रश्न इथे नव्याने उभा राहतो. मूळ नावं तशीच राहू द्या.

गर्बर काढल्यावर तिचं नाव बदलू नका. सोबतच्या 'जीबीआरजॉब' फाइलमध्ये प्रत्येक गर्बरचं नाव नोंदलेलं असतं. एक बदललं की ती नोंद खोटी ठरते. विंडोजमध्ये ओळखीची एक्सटेन्शन लपवण्याची सोय चालू असेल तर ती आधी बंद करा. नोटपॅडमध्ये उघडून जतन केलेल्या गर्बरला शेवटी 'टीएक्सटी' चिकटलेलं असतं आणि ते दिसत नाही.

गर्बरच्या आत * हे प्रत्येक आज्ञेचा शेवट दाखवतं आणि % ने विस्तारित आज्ञा सुरू होते व संपते. एक्स2 माहितीत स्वल्पविराम दोन रकान्यांमधली सीमा असतो. नेटची नावंही याच फाइलीत जातात. चांगलं सॉफ्टवेअर अशी चिन्हं सांकेतिक रूपात बदलून लिहितं, पण ती परत वाचणारं सॉफ्टवेअर तितकंच चांगलं असेल याची हमी नाही. '50%_ड्यूटी' असं नेटनाव ठेवून गर्बर अर्धवट वाचली गेली तर नेट-माहिती बंद करून पाठवता येते. प्लॉटच्याच खिडकीत 'इन्क्लूड नेटलिस्ट अॅट्रिब्यूट्स' ही खूण काढायची. तरी नेटचं नाव बदलणं जास्त चांगलं.

नेटची नावं: बोर्ड येतो, पण चालत नाही

हा सगळ्यात महागडा प्रकार, कारण यात कुठेच चूक दाखवली जात नाही.

लो असताना काम करणाऱ्या सिग्नलवर आडवी रेघ काढायची प्रत्येक सॉफ्टवेअरची रीत निराळी आहे. कीकॅड 5 पर्यंत नावाआधी ~ लावलं की रेघ यायची. डिसेंबर 2021 च्या कीकॅड 6 पासून ~ नंतर महिरपी कंस लागतो आणि त्यात नाव. ईगल या आणखी एका डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये नावाआधी ! आणि अल्टियममध्ये प्रत्येक अक्षरानंतर \ असं लिहायचं. कीकॅड 6 किंवा पुढच्या आवृत्तीत जुना प्रोजेक्ट उघडला की जुनी खूण नव्या रूपात बदलली जाते. मग सवयीने किंवा जुना व्हिडिओ बघून कुणी नवं लेबल जुन्या पद्धतीने, नुसतं ~ लावून टाइप करतो. आता प्रोसेसरच्या पिनवर एक नेट आहे आणि बटणावर दुसरं. कागदावर दोन्हींना 'रीसेट'च म्हणायचं, पण बोर्डावर त्यांच्यात तांबं नाही.

उपाय सोपा आणि कायमचा: रेघेचा नाद सोडा. लो-सक्रिय सिग्नलच्या शेवटी अंडरस्कोर आणि एन लावा, 'रीसेट_एन', 'सीएस_एन'. हे प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये, फर्मवेअरच्या कोडमध्ये आणि एक्सेलमध्येही जसंच्या तसं टिकतं.

तिरकी रेघ कीकॅडमध्ये उपशीटच्या पायऱ्या वेगळ्या करते, म्हणून लेबलमध्ये '/' टाइप केली तर फाइलमध्ये ती महिरपी कंसातल्या 'स्लॅश' शब्दाच्या रूपात साठते. पडद्यावर ठीक दिसतं, पण नेटलिस्ट वाचणारी तुमची स्क्रिप्ट चुकते. लायब्ररी आणि भागाच्या नावांमध्ये ':' हा दुभाजक आहे. चौकटी कंसात दोन टिंबांनी जोडलेले आकडे म्हणजे बस, एकत्र जाणाऱ्या नेटांचा गट. ही चार-पाच चिन्हं नेटनावात आणूच नका. अपवाद फक्त + चा, कारण +5व्ही, +3व्ही3 ही पुरवठ्याची नावं सगळीकडे रुळलेली आहेत. पुरवठ्यात दशांश टिंबाच्या जागी व्ही लिहायची ती पद्धतही उत्तम आहे, टिंब छपाईत पुसलं जातं.

व्हीसीसी एकदा पूर्ण कॅपिटलमध्ये आणि एकदा अर्धं स्मॉलमध्ये लिहिलं तर कीकॅडला ती दोन नेट आहेत. फक्त अक्षरांच्या आकारात फरक असलेल्या लेबलांची सूचना ईआरसी (स्किमॅटिकमधल्या जोडण्यांची तपासणी) देतं. ती पिवळी सूचना म्हणून सोडून देऊ नका. शून्य आणि ओ यांची अदलाबदल मात्र ईआरसीला कळत नाही. तिथे फक्त एकाच पिनला जोडलेली लेबलं शोधणं हाच मार्ग.

संदर्भनावं, म्हणजे आर1, सी4, यू2, ही अक्षराने सुरू आणि आकड्याने संपणारी ठेवा. 'आर-1' असं लिहिलं की बीओएममधल्या 'आर1-आर4' या पल्ल्याशी त्याची गल्लत होते. 'यू3ए' मधला शेवटचा ए कीकॅड एकाच आयसीच्या भागासाठी वापरतं, तो स्वतःहून जोडू नका.

बीओएम: म्यू, ओहम आणि एक्सेल

10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लिहिताना म्यूचं चिन्ह टाकलं, सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) काढली, एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडली, आणि म्यूच्या आधी टोपी घातलेला इंग्रजी ए आला. यूटीएफ-8 मध्ये ते चिन्ह दोन बाइटांचं असतं आणि एक्सेल प्रत्येक बाइटला वेगळं अक्षर समजून वाचतं. ओहमच्या जागी टोपीवाला आय आणि कॉपीराइटचं चिन्ह दिसतं, तेही याचमुळे.

त्यातही युनिकोडमध्ये म्यू दोन आहेत: मायक्रोचं चिन्ह 00बी5 आणि ग्रीक अक्षर 03बीसी. ओहमही दोन: 2126 आणि 03ए9. एका भागाला कीबोर्डवरून टाकलेला म्यू आणि दुसऱ्याला डेटाशीटमधून चिकटवलेला म्यू असेल, तर बीओएममध्ये एकाच मूल्याच्या दोन ओळी होतात. नग मोजताना 12 च्या जागी 9 आणि 3 अशा दोन नोंदी, आणि खरेदीत एक ओळ राहून जाते. व्हॉट्सअॅप किंवा वर्डमधून चिकटवलेल्या मजकुरात लांब डॅश, वळणदार अवतरणचिन्हं आणि न तुटणारी मोकळी जागा येते, त्यांचाही असाच परिणाम होतो.

मूल्यं लिहायची आयईसी 60062 ची पद्धत हा यावरचा सरळ इलाज: दशांशाच्या जागी एककाचं अक्षर. 4.7 किलोओहम म्हणजे 4के7, 0.1 ओहम म्हणजे 0आर1, 4.7 मायक्रोफॅरड म्हणजे 4यू7, 2.2 नॅनोफॅरड म्हणजे 2एन2. कुठलंही विशेष चिन्ह नाही, टिंब नाही. स्पाइस सिम्युलेशन (सर्किट संगणकावरच चालवून बघणं) करत असाल तर एक सावधगिरी: स्पाइसला कॅपिटल आणि स्मॉल एम सारखेच, दोन्हींचा अर्थ मिली. 1 मेगओहमसाठी तिथे 'मेग' लिहावं लागतं, नाहीतर तो रेझिस्टर 1 मिलिओहमचा होतो. तसंच कपॅसिटरला '1एफ' लिहिलं तर स्पाइस ते 1 फेम्टो धरतं.

एक्सेल आणखी तीन गोष्टी स्वतःच्या मनाने करतं. 0603 चं 603 होतं. डिकोडरला दिलेलं 'डीईसी1' हे नाव 1 डिसेंबर होतं, आणि पिन '2-5' ची 2 मे किंवा 5 फेब्रुवारी. '+बॅट' किंवा '-व्हीआयएन' सारखं नाव सूत्र समजलं जाऊन रकान्यात चूक दाखवली जाते. म्हणून सीएसव्हीवर दोनदा क्लिक करू नका. एक्सेलमध्ये कोरं पान उघडा, 'डेटा' मधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' निवडा, 'फाइल ओरिजिन' 65001 यूटीएफ-8 करा, मग 'ट्रान्स्फॉर्म डेटा' मध्ये सगळे रकाने 'टेक्स्ट' प्रकारचे करून घ्या.

आकाराच्या नावातही नुसतं 0603 पुरत नाही. इंची 0603 म्हणजे 1.6 बाय 0.8 मिलिमीटर, मेट्रिकमध्ये 1608. आणि मेट्रिक 0603 म्हणजे इंची 0201, डोळ्याला जेमतेम दिसणारा. कीकॅडच्या फूटप्रिंटमध्ये दोन्ही मापं लिहिलेली असतात, तेच पूर्ण नाव बीओएममध्ये जाऊ द्या. त्याची सुरुवात अक्षराने होत असल्याने पुढचं शून्यही जात नाही.

चालू प्रोजेक्ट कसा सुधारायचा

1. सगळा प्रोजेक्ट झिप करून बाजूला ठेवा. पुढच्या पायऱ्या मूळ फोल्डरवर करायच्या आहेत.

2. वाईट नावं शोधा. कमांड प्रॉम्प्टमध्ये डीआयआर आज्ञेचा निकाल एका टेक्स्ट फाइलमध्ये वळवा. नेहमीच्या सेटिंगमध्ये देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात, आणि विंडोजच्या फाइलनावात प्रश्नचिन्ह असूच शकत नसल्याने ती ओळ लगेच सापडते. लांब डॅश यातून निसटू शकतो.

3. स्किमॅटिक आणि बीओएमच्या फाइली व्हीएस कोडमध्ये उघडा. न दिसणारी आणि दुसऱ्या अक्षरासारखी दिसणारी चिन्हं तो चौकटीत दाखवतो. इथे फक्त बघायचं, बदल कीकॅडमध्येच करायचा.

4. प्रोजेक्टचं नाव बदलायला कीकॅडच्या मुख्य खिडकीतलं 'सेव्ह अॅज' वापरा. प्रोजेक्ट, स्किमॅटिक आणि बोर्ड या तिन्ही फाइलींचं मूळ नाव एकच असावं लागतं. एक्सप्लोररमधून एकीचंच बदललं तर त्या एकमेकींना ओळखत नाहीत.

5. लायब्ररीचे मार्ग तपासा. सी ड्राइव्हपासून सुरू होणारा पूर्ण मार्ग दिसला तर लायब्ररी प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये आणा आणि मार्ग 'केआयपीआरजेमॉड' या चलापासून सुरू करा. मग फोल्डर कुठल्याही संगणकावर न्या.

6. नेटची नावं बदलल्यावर एफ8 दाबून बोर्ड अद्ययावत करा, ईआरसी आणि डीआरसी पुन्हा चालवा. न जोडलेल्या नेटची संख्या आधी शून्य होती आणि आता वाढली, तर घाबरू नका: नावाआड लपलेली खरी चूक वर आली आहे.

7. जुना गर्बर फोल्डर रिकामा करा आणि मगच नव्या गर्बर काढा. तो रिकामा न केल्याने जुन्या नावाची एखादी फाइल नव्या झिपमध्ये जाते, आणि हे फार वेळा घडतं.

नाव ठेवायचा साचा

इंग्रजी स्मॉल अक्षरं, 0 ते 9, अंडरस्कोर आणि साधी आडवी रेघ, एवढ्यातच भागवा. सुरुवात अक्षराने. लांबी 40 अक्षरांच्या आत. क्रम: वस्तू, बोर्ड, आवृत्ती. उदाहरणार्थ 'पिककाउंटर_मेन_आर03'. तारीख हवीच असेल तर 2025-06-14 अशी, वर्ष आधी, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते. आवृत्तीला अक्षरं वापरत असाल तर आय, ओ, क्यू, एस, एक्स, झेड टाळा. यंत्रनकाशांच्या अमेरिकन मानकातही ही सहा अक्षरं वगळलेली आहेत, कारण ती आकड्यांसारखी किंवा एकमेकांसारखी वाचली जातात. 'फायनल', 'नवीन', 'लास्ट' हे शब्द नावात नकोत. त्यांच्यानंतर काय, हे ते सांगत नाहीत.

हीच आवृत्ती बोर्डाच्या छपाईवरही लिहा. टायटल ब्लॉकमधल्या आवृत्तीच्या रकान्यातून ती छपाईत आणता येते, म्हणजे दोन ठिकाणी वेगळी राहत नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मागावर बसलेला बोर्ड दोन वर्षांनी दुरुस्तीला आला की कुठली फाइल उघडायची हे त्यावरच वाचता येतं.

सदोष झिप आधीच गेली असेल तर तिच्याच नावाने दुसरी पाठवू नका. आवृत्ती एकने वाढवा, पूर्ण झिप नव्याने काढा आणि जुन्या झिपचं पूर्ण नाव लिहून ती रद्द केल्याचं फॅब्रिकेटरला लेखी कळवा. फक्त हरवलेला एक थर सुटा पाठवला तर कॅम ऑपरेटरला दोन पाठवण्यांतल्या फाइली हाताने जुळवाव्या लागतात, आणि जुना मास्क नव्या तांब्यावर बसण्याची शक्यता तिथेच तयार होते.